ना तुपाशी, ना उपाशी

चौऱ्याहत्तर साली पाटी रंगवणारा
'शाही महाल'मधला एक एच विसरला.
तो अजून विसरलेलाच आहे.
भिंतीवरचा लाल मखमली कागद दोनदा बदलला,
मालक एकदा, म्हणजे बापाच्या जागी नाझमिन आली.
स्वयंपाकघरात तैमूस अली मात्र तेच,
आणि ताटं नेणारा मी, सव्वीस वर्षं.

वेल्समधल्या या गावात
रविवारी सातला खिडकीजवळचं चार नंबरचं टेबल
एम्रिस प्रिदर्च यांचं.
न सांगताच जायचं: कोर्मा, लोण्याचा नान,
वर साय जरा सढळ हातानं.
साय त्यांच्याच गोठ्यातली.
पहाटे मागच्या दाराशी कॅन ठेवून जायचे,
संध्याकाळी पैसे मोजून तीच खायचे.
आम्ही हसायचो. तेही.

गेल्या रविवारी बरोबर मुलगी होती,
ग्वेनलियन, कार्डिफहून आलेली.
मेनू उघडलाच नाही तिनं.
दूध नको म्हणाली. तूप नको. दही, लोणी, साय,
आणि हो, मधही नको.
एम्रिस मीठदाणीकडे बघत राहिले
जणू कुणी वर्गात हजेरी घेतंय
आणि त्यांचं नाव आता येणार आहे.

आत जाऊन सांगितलं.
तैमूस अलींनी झारा खाली ठेवला.
"मग उरलं काय?"
आम्ही दोघं एकेक झाकण उघडत गेलो.
डाळीला तुपाची फोडणी.
नानच्या पिठात दही.
वांग्यावर साय, पालकात साय,
साध्या भातावरसुद्धा लोण्याचा एक चमचा,
का, तर चकाकी यावी.
"चवीसाठी नाही रे," ते म्हणाले,
"गिऱ्हाइकाला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटावं
म्हणून पन्नास वर्षं ओततोय."
खाईन तर तुपाशी म्हणणारेच येत इथे.
नाहीतर उपाशी, असं म्हणणारं
कुणी दारातून आत आलंच नव्हतं.

मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या पातेल्याकडे गेली.
ते आमचं. रात्री अकरानंतरचं,
खुर्च्या उलट्या ठेवून झाल्यावर
उभ्या उभ्या खायचं:
मोहरीच्या तेलातला मसूर, भोपळ्याच्या वेलाची भाजी,
फ्रीजरमध्ये जपलेली सातकऱ्याची साल,
सिल्हेटहून कुणीतरी सामानात दडवून आणलेली.
मेनूत हे कधीच नव्हतं.
आम्ही काय खातो, हे कुणी विचारलंही नव्हतं.

चांगल्या ताटात वाढून नेलं.
हात थरथरला माझा, खोटं का बोलू.
ती जेवत होती, न बोलता, भराभर,
एम्रिसांचा नान गार होत होता.
"हे कडू काय आहे?" त्यांनी विचारलं.
"साल आहे. लिंबाच्या जातीतली."
त्यांनी बोट बुडवून चाटलं.
मग खालच्या आवाजात काहीतरी बोलले तिच्याशी,
त्यांच्या भाषेत. मला नावंच तेवढी कळली:
सेरेन, ब्रिथेन, म्विनेन, पेनवेन...
यादी बरीच लांबली.
तिचा घास हातातच राहिला.

शुक्रवारपासून आमच्याकडे
कंपनीचं दूध येतंय, प्लास्टिकच्या डब्यात.
आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याची पाठ धरली असेल.

कोर्म्याची वाटी किंचित बाजूला सारत
त्यांनी मला विचारलं,
"ही साय कुणाची?"
सव्वीस वर्षांत या टेबलावर
मला उत्तर सुचलं नाही असं पहिल्यांदाच झालं.
"दुकानातली," म्हणालो.
त्यांनी मान हलवली.
"मग हिच्या ताटातलं आण मलाही."
तिनं ताट मधोमध सरकवलं.
काही आणावं लागलं नाही.

बिल करताना नाझमिन अडली.
या जेवणाला किंमतच नव्हती कधी.
म्हणाली, मेनूत घेऊ या, नाव काय देऊ?
तैमूस अली पातेलं खरवडत होते,
आमच्यासाठी जेमतेम दोन घास उरले होते.
"नाव कशाला," म्हणाले, "भूक लागली की वाढ."

मागच्या दाराशी, पायरीच्या दगडावर
कॅनच्या बुडाचं गोल वळ आहे, खोल गेलेलं.
सकाळी शेजारची मांजर
त्यात बसून वाट बघते.